गुळवेल : आधी ओळख, मग काढा

आज गुळवेलीबद्दल बोलू या. कुंपणावर नाहीतर कडुनिंबावर चढलेली ही वेल तुमच्याकडेही असेल. पान पिंपळासारखं, पण पिंपळाचं लांब टोक त्याला नाही. वेल मधेच तोडली तरी वरचा भाग दोऱ्यासारखी मुळं खाली सोडून जगतो. ‘अमृता’ नाव उगाच नाही पडलं!

ताप रेंगाळला की आमच्या सासवा वीतभर कांड ठेचून, सुंठ घालून काढा करायच्या. कोवळ्या पानांची भाजीही व्हायची. सत्त्व काढायचं तर ठेचलेलं कांड रात्रभर भिजवायचं, सकाळी कुस्करून गाळायचं आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवायचा. एवढ्या खटाटोपात हाती लागतं थोडंसंच. म्हणून स्वस्तातलं सत्त्व दिसलं की आम्हाला शंका येते.

२०२० साली कोरोनात गुळवेलीला एकदम मागणी आली. आमच्या गटानेही चूर्णाच्या पुड्या केल्या. गावातली वेल पुरेना, म्हणून एका व्यापाऱ्याकडून पोतं आणलं. पहिला घाणा कुटून विकूनही झाला. दुसऱ्या वेळी गटातल्या एका आजींनी कांड हातात घेतलं नि म्हणाल्या, “अगं, याला पुटकुळ्या आहेत. ही आपली गुळवेल नव्हे.” विकलेल्या पुड्या आम्ही घरोघर जाऊन परत आणल्या, पैसे दिले. लाज वाटली, पण गेलो.

गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल असते. तिच्या कांडावर गाठी-पुटकुळ्या असतात, तोडल्यावर दुधासारखा चीक येतो, फळं लांबट नि नारिंगी. आपल्या गुळवेलीला चीक नसतो, फळं गोल नि पिकल्यावर लाल. कुटून चूर्ण झालं की मात्र कुणालाच ओळखता येत नाही. तेव्हापासून आम्ही फक्त ओलं कांड घेतो, तेही आजींनी पाहिल्यावर.

आणखी एक. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचं सांगितलं, पण तिच्यासारख्या दिसणाऱ्या वेलीबद्दल सावधही केलं. वाद चालू राहील. आपण मात्र महिनोन्‌महिने रोज काढा पिऊ नये. साखरेची गोळी चालू असेल, दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल किंवा सांधेवातासारखा जुना आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. काढा घेताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर तो थांबवून थेट दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या कुंपणावरची वेल पानासकट घेऊन या. आजी येणार आहेत.