विजेचा खांब आणि घरातील चूल

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



खेड्यात वीज आली तेव्हा पहिला दिवा बहुधा चावडीवर लागला आणि दुसरा देवळात. पुढे ती घराघरांत पोहोचली तेव्हाही मान मिळाला तो ओसरीला व माजघराला. स्वयंपाकघराची पाळी सर्वांत शेवटी आली आणि पुष्कळ ठिकाणी ती अद्याप पुरती आलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ९६.८ टक्के कुटुंबांकडे वीज असल्याचे आढळले. त्याच सर्वेक्षणात स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे ५८.६ टक्के होती, आणि ग्रामीण भागात तर ती ४३.२ टक्केच भरली. ह्या दोन आकड्यांमधील अंतर प्रामुख्याने स्त्रियांच्या वाट्याला आलेले आहे. दिवा घरातील सर्वांचा असतो. चूल मात्र एकटीची असते.

सरपणाची तजवीज तिनेच करावयाची. विदर्भात पऱ्हाट्या, मराठवाड्यात तुराट्या, सह्याद्रीच्या पट्ट्यात रानातला लाकूडफाटा, आणि सर्वत्र गोवऱ्या. पावसाळ्यात सरपण ओले झाले की फुंकणी हातातून सुटत नाही. साध्या चुलीत जळणाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला मिळतो. बाकी सारी वाया जाते आणि धूर तेवढा घरात राहतो. कर्क स्मिथ ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह गुजरातमधील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर मापनयंत्रे बांधून ह्या धुराचे मोजमाप केले व त्याचे निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. तोपर्यंत हवेचे प्रदूषण म्हणजे कारखान्याचे धुराडे अशीच समजूत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० ह्या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू घडले.

शासनाचे ह्या प्रश्नाकडे लक्ष नव्हते असे म्हणता येणार नाही. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ च्या सुमारास सुरू झाला, २००२ पर्यंत चालला आणि त्यात कोट्यवधी चुली बसविण्यात आल्या. परंतु किती चुली बसल्या याची जितकी काटेकोर मोजदाद झाली, तितकी किती चुली पेटत राहिल्या याची झाली नाही. धुराड्यात काजळी साचली, ती काढावयाची कोणी हे ठरले नव्हते. भांड्याच्या तोंडाशी चुलीचे तोंड जुळेना, म्हणून ते फोडून मोठे करण्यात आले. तव्यावरची भाकरी शेवटी निखाऱ्याशी उभी करून फुगवावी लागते; ज्या चुलीत निखारे पुढे ओढावयास जागाच नाही ती चूल भाकरी खाणाऱ्या घरात किती दिवस टिकणार? आराखडा करणाऱ्याने एखाद्या सुगरणीला विचारले असते तर ही अडचण अर्ध्या घटकेत कळली असती.

हाच धडा गॅसच्या बाबतीतही लागू पडतो. पंतप्रधान उज्ज्वला योजनेचा प्रारंभ १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे झाला. जोडणी घरातील सज्ञान स्त्रीच्याच नावे द्यावयाची, ही ह्या योजनेतील अतिशय मोलाची अट होय. ज्या घरात एकही कागद बाईच्या नावाचा नव्हता तेथे गॅसचे पुस्तक तिच्या नावाने आले. ह्या योजनेतील आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे देण्यात आली. तथापि, उज्ज्वलाच्या लाभार्थी कुटुंबांत २०२३-२४ पर्यंतच्या बहुतेक वर्षांत वर्षाकाठी सरासरी तीन ते चार सिलिंडरच भरून घेतले गेले असे अधिकृत आकडे दाखवितात. पाच माणसांच्या घराला तेवढ्यात वर्ष काढता येत नाही. उरलेल्या दिवसांत शेगडी कोपऱ्यात झाकून ठेवलेली असते आणि चूल पूर्ववत पेटते. याला केवळ सवय म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. सिलिंडरसाठी एकरकमी पैसे लागतात, मजुरी रोजच्या रोज येते. सरपण मात्र फुकट वाटते, कारण ते गोळा करणारीच्या वेळेची किंमत कोणी मांडीत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेखाली वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचे ठरविले ते ह्याच अडचणीवरचा उपाय म्हणून. ग्रामसभेत जोडण्यांचा आकडा वाचून दाखविला जातो तेव्हा सदस्यांनी वर्षात किती सिलिंडर भरले गेले हा दुसरा आकडाही मागावा.

शेतीपंपाची कथा वेगळी नाही. पंपाची जोडणी सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याला मिळते. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीधारकांत स्त्रिया सुमारे १४ टक्केच आहेत. लक्ष्मी मुक्तीच्या परिपत्रकाने सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याची वाट १९९२ मध्येच मोकळी झाली. त्या वाटेने फार थोडे चालले, हे तलाठ्यांना ठाऊक आहे. शेतकरी निवर्तल्यावर त्याची विधवा तीच जमीन कसते, वीजबिल मात्र मृताच्या नावाने येत राहते आणि सौरपंपासाठी अर्ज करावयाचा म्हटला की वारसनोंदीपासून सुरुवात करावी लागते.

आता वीज निर्माण करणाऱ्या व पोहोचविणाऱ्या कामात स्त्रिया किती, तेही पाहू. ह्या क्षेत्रात स्त्री कधी नव्हतीच असा समज आहे, तो खोटा आहे. १९२० च्या सुमारास भारतातील कोळसा खाणींत सुमारे एक तृतीयांश मजूर स्त्रिया होत्या. १९२९ च्या नियमांनी त्यांना भूगर्भातील कामातून टप्प्याटप्प्याने दूर करण्यास प्रारंभ झाला व १९३७ मध्ये ते पूर्ण झाले. हेतू संरक्षणाचा होता. पण महायुद्धात कोळसा कमी पडू लागताच १९४३ मध्ये ती बंदी उठविण्यात आली, आणि गरज सरल्यावर १९४६ मध्ये पुन्हा घालण्यात आली! १९५२ च्या खाण अधिनियमाने ती कायम ठेवली. तांत्रिक, देखरेखीच्या व व्यवस्थापकीय कामासाठी स्त्रियांना भूगर्भात उतरण्याची मुभा मिळाली ती २०१९ मध्ये.

विद्युत अभियांत्रिकीत ए. ललिता यांनी मद्रासजवळच्या गिंडी येथील महाविद्यालयातून चाळीसच्या दशकात पदवी घेतली आणि पुढे भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या वीजवाहिन्यांच्या कामात भाग घेतला. तरीही २०१९ मध्ये तेलंगणातील एका वीज कंपनीच्या कनिष्ठ लाइनमनच्या जाहिरातीत स्त्रियांना अर्जच करता येत नव्हता. दोन तरुणी उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाच्या आदेशाने डिसेंबर २०२० मध्ये त्यांची चाचणी झाली आणि दोघीही खांबावर चढून दाखवून उतरल्या.

आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे जगातील अक्षय ऊर्जा क्षेत्रात स्त्रियांचे प्रमाण ३२ टक्के आहे. तेल व वायूच्या धंद्यात ते २२ टक्के आहे. परंतु ह्या ३२ टक्क्यांचाही पोटभेद पाहावा: कचेरीतील कामात स्त्रिया ४५ टक्के, तर विज्ञान व अभियांत्रिकीच्या कामात २८ टक्के. आपल्या देशातील छतावरील सौरवीज व्यवसायात त्या ११ टक्क्यांच्या आसपास असल्याचे त्याच वर्षीच्या एका पाहणीत दिसून आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतून एक कोटी घरांवर सौरसंच बसावयाचे आहेत. म्हणजे ही कामे दूरच्या विद्युतकेंद्रात नसून गावातल्याच छपरांवर आहेत.

काम गावात आहे. शिकलेली मुलगी गावात आहे का? येथे शिक्षकांचा संबंध येतो. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाणाऱ्या मुलीला शिवणकामाचा अर्ज हाती दिला जातो, वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा दिला जात नाही. तीन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी २०१६ मध्ये ग्राम विद्युत व्यवस्थापकाची योजना निघाली, तीत हेच प्रशिक्षण आवश्यक ठरले. प्रमाणपत्रच नसेल तर निवडीच्या वेळी ग्रामपंचायतीची सदिच्छा काय कामाची?

स्त्रियांना हे जमते का, ह्या शंकेचे उत्तर मराठवाड्यातच आहे. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात पुनर्वसनाच्या कामातून उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेने खेड्यांतील स्त्रियांना सौर दिवे, सुधारित चुली व तत्सम साधने विकण्याचा व त्यांची देखभाल करण्याचा व्यवसाय शिकविला. त्या कामाची संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक यंत्रणेने २०१६ मध्ये पुरस्कार देऊन दखल घेतली. चूल विकणारी बाई स्वतः भाकऱ्या थापणारी असल्यामुळे कोणती चूल टिकेल हे तिला सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रात शासकीय व निमशासकीय सेवेत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, आणि २०११ पासून पंचायतींत निम्म्या. तेव्हा तालुक्याच्या वीज उपकेंद्रात स्त्री तंत्रज्ञ रुजू होते हे आता नवलाचे राहिलेले नाही. तिच्यासाठी उपकेंद्रात स्वच्छतागृह आहे काय, सुरक्षा पट्टा, हातमोजे व बूट तिच्या मापाचे आले आहेत काय, आणि तिला खांबाकडे पाठवितात की नोंदवहीपाशी बसवितात, हे पंचायतीच्या सदस्यांनी पाहून यावे. पंचायत समितीच्या पुढील बैठकीपूर्वी हे होऊ शकते.