नाव आपले, नियम कुणाचे?

(जव्हार येथील अभ्यासवर्गातील भाषणाचा अंश)



आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला संकेतस्थळांच्या देवनागरी नावांसाठी '.भारत' खुले झाले. मोखाड्याच्या एखाद्या बचत गटाला नाचणी विकायची तर संकेतस्थळाचे नाव मराठीत नोंदवता येऊ लागले.

ते नाव कोणत्या अक्षरांत चालेल, हे कोण ठरवणार? जगभरच्या नावांची मूळ यादी अमेरिकेतील 'आयकॅन' ही १९९८ साली स्थापन झालेली संस्था सांभाळते. त्या कामावर २०१६ पर्यंत अमेरिकी सरकारची देखरेख होती. '.इन' आणि '.भारत' यांचा कारभार दिल्लीतील 'निक्सी'कडे आहे. एका नावाचे दोन धनी होऊ नयेत म्हणून मूळ यादी एकच हवी, हे मान्य. अक्षरांचा निवाडा मात्र ती भाषा लिहिणाऱ्यांविना होऊ नये.

आपल्या डोंगरांतल्या 'दऱ्या' आणि डहाणूचा 'दर्या' पाहा. एकात आडवा अर्धा र, दुसऱ्यात रफार. हिंदीला हा भेद लागत नाही. मराठी, कोकणी, नेपाळीला लागतो. केवळ हिंदीपुरते पाहून नियम आखले, तर आपल्या दऱ्या यादीबाहेर राहतील! मूळ यादीच्या देवनागरी नियमांत या अर्ध्या र ची सोय झाली, ती आखणाऱ्या गटात भारतीय भाषांचे जाणकार होते म्हणून. भाषाभिमानाच्या सभा आपण पुष्कळ भरवतो; अशा रूक्ष बैठकांना जायला कुणी उत्सुक नसतो. 'निक्सी'ने नियम बदलताना प्रत्येक भाषेचा जाणकार सोबत बसवावा, ही माझी मागणी आहे. 'आयकॅन'च्या मसुद्यांवर तर कुणालाही लेखी मत कळवता येते, जव्हारहूनसुद्धा.