मशाल जळते ती तेलावर

(शिवज्योत दौडीच्या पूर्वतयारीसाठी जमलेल्या तरुणांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



एप्रिल 1663 मध्ये शिवरायांनी लाल महालात शायिस्ताखानावर छापा घातला. त्या रात्री कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून शत्रूला चकविल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती ऐकताना एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. असा प्रत्येक पलिता कोणाला तरी आधी नीट बांधावा लागतो. आज मी तेवढ्याच कामाविषयी बोलणार आहे.

बोलण्यास कारणही तसेच आहे. विशीत असताना एका गडावर मी बांधलेल्या मशालीची जळती चिंधी माझ्या सोबत्याच्या मनगटावर पडली. कापड जुन्या साडीचे, कृत्रिम धाग्याचे होते. ते वितळून कातडीला चिकटले. तो व्रण अद्याप त्याच्या हातावर आहे. उत्साह माझा होता, किंमत मात्र त्याने मोजली.

म्हणून पहिला नियम असा, की कापड निव्वळ सुती हवे. जुने धोतर किंवा सुती पंचा उत्तम. दांडा भरीव, वाळलेल्या लाकडाचा आणि सुमारे तीन फूट लांबीचा घ्यावा. बांबू शक्यतो टाळावा. त्याच्या बंद पेरांतील हवा तापली की तो फुटतो. ज्योतीच्या खाली पत्र्याच्या डब्याचे झाकण मधोमध भोक पाडून घट्ट बसवावे, म्हणजे गळणारे तेल हातावर येणार नाही. कापडाच्या चार बोटे रुंद पट्ट्या दांड्याच्या टोकाला ताणून गुंडाळाव्यात आणि बांधकामावर सळया बांधण्यासाठी वापरतात त्या काळ्या तारेने आडव्या-उभ्या आवळाव्यात. सुतळी जळून तुटते, म्हणून ती येथे कामाची नाही.

घट्ट का बांधायचे? पहाटेच्या काकडआरतीला ज्याच्यावरून नाव मिळाले तो काकडा आठवा. तोही पिळलेल्या कापडाचाच. धाग्यांमधील बारीक फटींतून तेल वर चढते, उष्णतेने त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. तेल पोहोचते आहे तोवर कापड टिकते. तेल संपले की कापडच जळू लागते. सैल बांधणीत हवा शिरते आणि जळत्या चिंध्या गळू लागतात.

तेल कोणते? स्वयंपाकघरातील तळणीचे उरलेले तेल गाळून घेतले तरी चालते. बोळा त्यात काही तास भिजवावा आणि थेंब गळणार नाही इतपत पिळावा. पेटण्यास वेळ लागतो, म्हणून वर कापराच्या दोन वड्या ठेवाव्यात. येथेच आपला धीर सुटतो आणि कोणीतरी पेट्रोलची बाटली काढतो. पेट्रोलची वाफ शून्याखालील तापमानालाही पेट घेते. खाद्यतेलाला त्यासाठी सुमारे 300 अंशांपर्यंत तापावे लागते. हा भेद ज्याला कळला, तो बाटलीला हात लावणार नाही. गोंधळात जळत्या दिवटीवर बुधलीतून तेल घालतात हे खरे. पण ते गोडे तेल असते, धार बेताची असते आणि हात सरावलेला असतो. धावताना तसे काहीही करू नये. ज्योत मंदावली, तर तिच्यावरून दुसरी भिजवलेली मशाल पेटवून घ्यावी.

फेब्रुवारीत गडावरचे गवत वाळलेले असते. एक ठिणगी सारा उतार जाळू शकते. म्हणून ज्योत माथ्यावरील मोकळ्या, दगडी जागेतच पेटवावी आणि गवताची वाट संपेपर्यंत ती काचेच्या बंद कंदिलातून उतरवावी. मशाल सडकेवर आल्यावरच पेटवावी. मशालधारकाने अंगात सुती कपडे घालावेत आणि वाऱ्याच्या दिशेचे भान ठेवावे. सोबत ओले गोणपाट व पाण्याचे कॅन असलेच पाहिजेत.

दौड संपली, की मशाल वाळूत खुपसून पूर्ण विझवा, तिच्यावर पाणी ओता आणि बोळा हाताला गार लागेपर्यंत तेथून हलू नका. ज्योत गावी पोहोचावी आणि तिच्यासोबत निघालेला प्रत्येक जण धडधाकट घरी पोहोचावा, एवढीच माझी अपेक्षा आहे. आता सुती कापड आणि तार पुढे घ्या. पहिली मशाल आपण येथेच बांधू.