फँटसी लीग भिशीसारखी चालवा, फक्त पैसा सोडून

बडनेऱ्यावरून बोलतोय, त्यामुळे मध्येच मालगाडीचा भोंगा ऐकू आला तर समजून घ्या. जंक्शनजवळ राहून रेकॉर्डिंग करायचं म्हणजे त्याला इलाज नाही.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितला होता. दोस्तांमध्ये फँटसी फुटबॉल लीग चालवायची, तर नियम काय ठेवायचे? टीम कोणती निवडायची ते मी सांगणार नाही. त्यासाठी यूट्यूबवर शेकडो पोट्टे बसले आहेत. मी बोलणार आहे ते लीग मे महिन्यापर्यंत जिवंत कशी ठेवायची आणि त्यानंतरही दोस्ती कशी टिकवायची, यावर.

आधी थोडक्यात, नवीन लोकांसाठी. आपण बोलतोय फँटसी प्रीमियर लीगबद्दल, म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा अधिकृत, फुकट खेळ. १० कोटी पाउंडांचं खोटं बजेट मिळतं. त्यात १५ खेळाडू घ्यायचे: २ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड. एका क्लबचे जास्तीत जास्त ३. कॅप्टनचे पॉइंट डबल. दर आठवड्याला एक बदली फुकट, त्यावर केली की दर बदलीमागे ४ पॉइंट कट. असे ३८ आठवडे, ऑगस्ट ते मे. दोस्तांची खासगी लीग बनवायची, कोड ग्रुपवर टाकायचा, झालं. पाच मिनिटांचं काम आहे. आणि पाच मिनिटांत होतं म्हणूनच कोणी नियम लिहीत नाही.

आता तुमच्या घरातली भिशी आठवा. आईची, काकूची, गल्लीतली. कोणाचा नंबर कधी, एखादीने हप्ता चुकवला तर काय, मधूनच गाव सोडून गेली तर तिची जागा कोण भरणार, हे सगळं पहिल्या दिवशी ठरलेलं असतं. कागद नसेल, पण प्रत्येकीला तोंडपाठ असतं. "बघू नंतर" असं भिशीत कोणी म्हणत नाही. आणि भिशी चालवणारी बाई सगळ्यांत हुशार असते असंही नाही. ती सगळ्यांत भरवशाची असते. लीगचा ॲडमिन निवडताना हे एवढंच बघा. ज्याला फुटबॉलचं सगळ्यात जास्त कळतं त्याला ॲडमिन करू नका, तो स्वतःच्या टीमच्या मागे असतो. जो लग्नाच्या वर्गणीचा हिशोब शेवटच्या रुपयापर्यंत देतो, त्याला करा.

गंमत म्हणजे या खेळाची सुरुवातही अशीच झाली. १९६२ साली अमेरिकेतल्या ओकलंडच्या संघाचे एक भागीदार, विंकेनबाख नावाचे, संघासोबत न्यूयॉर्कला गेले होते. तिथे हॉटेलात दोन-तीन जणांसोबत बसून त्यांनी आधी नियम लिहून काढले. खेळाडूंची पहिली निवड झाली ती पुढच्या वर्षी, १९६३ मध्ये. आठ जणांची लीग. तो अमेरिकन फुटबॉल, हाताने पळवायचा, आपला नाही. पण क्रम बघा ना: नियम आधी, टीम नंतर.

"बडनेऱ्यात कायचा फुटबॉल बे?" हे मला नेहमी ऐकावं लागतं. बरोबर आहे, आपल्याकडे व्यायाम म्हटलं की अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, ज्यांची पोरं १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जाऊन कबड्डी दाखवून आली. कोल्हापूरसारखं आपल्याकडे नाही, की पाटाकडील आणि खंडोबा तालमीची मॅच असली तर अख्ख्या पेठा शाहू स्टेडियमला. पण नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांच्या फुटबॉलवर नागराज मंजुळेंनी 'झुंड' काढला, तो विदर्भच होता ना? आणि फँटसीला मैदान लागत नाही. लागतो तो मोबाइल आणि शनिवारची संध्याकाळ.

चला, नियमांवर येऊ. पहिला पैशाचा, आणि इथे मी जरा थांबणार आहे.

आमच्या लीगमध्ये एक रुपया लागत नाही. सुरुवातीला दोघं-तिघं म्हणाले, "पाचशे-पाचशे काढू, त्याशिवाय मजा नाही." आम्ही नाही म्हटलं. तेव्हा ते फक्त भांडण टाळण्यासाठी होतं. आता कायदाही आहे. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही होऊन ऑनलाइन गेमिंगचा नवीन कायदा आला आणि पैसे लावून खेळायच्या फँटसी स्पर्धा देशभर बंद झाल्या. त्यातली व्याख्या नीट ऐका: पैसे भरून, बदल्यात पैसे मिळतील या आशेने खेळलेला ऑनलाइन खेळ. मग तो डोक्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हीचा. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षेचा रोख खेळणाऱ्यावर नाही, चालवणाऱ्यावर, जाहिरात करणाऱ्यावर आणि पैसे फिरवणाऱ्यावर आहे. आता सांगा, बारा दोस्तांचे पाचशे-पाचशे ज्या ॲडमिनच्या यूपीआयवर जमा होतात, तो यातला कोण? मी वकील नाही. पण मी ॲडमिन असतो तर ते सहा हजार माझ्या खात्यात घेतले नसते.

मग पणाला काय लावायचं? काहीतरी लागतंच, नाहीतर नोव्हेंबरात अर्धी लीग झोपते. आमच्याकडे जिंकणाऱ्याला एक ढाल मिळते. गल्लीतल्या जुन्या टेनिस-बॉल स्पर्धेची आहे, वरचा क्रिकेटवाला तुटलाय, त्यामुळे आता ती कोणत्याही खेळाची चालते. दरवर्षी मागे स्केचपेनने नाव लिहायचं. आणि शेवटच्या नंबरच्या माणसाला शिक्षा अशी: दिवाळीला पुण्या-मुंबईहून पहाटेच्या गाडीने जो जो बडनेऱ्याला उतरेल, त्याला स्टेशनवर गाडी घेऊन घ्यायला जायचं. चहासकट. विश्वास ठेवा, मार्च-एप्रिलमध्ये तळातल्या तिघांची जी मारामारी चालते ना, ती वरच्या तिघांपेक्षा बघण्यासारखी असते. सगळे जमले की अमरावतीला गिला वडा खायला जातो, आणि त्याचा खर्च सगळे सारखा वाटून घेतात. हरणाऱ्याच्या माथी मारत नाही. त्याची झोप गेली, तेवढं पुरे.

दुसरा नियम डेडलाइनचा. आठवड्याची पहिली मॅच सुरू व्हायच्या दीड तास आधी टीम लॉक होते. इंग्लंडची शनिवार दुपारची साडेबाराची मॅच आपल्याकडे संध्याकाळी ५ ला, म्हणजे डेडलाइन साडेतीन. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ तासभर मागे जातं. मग तीच मॅच आपल्याकडे ६ ला आणि डेडलाइन साडेचारला. मार्चच्या शेवटी पुन्हा उलट, आणि तो बदल खरा घातक, कारण तेव्हा डेडलाइन तासभर आधी येते. शुक्रवारी रात्रीची मॅच असली की ती आपल्या घड्याळात शनिवारचे साडेबारा, मध्यरात्रीचे. डेडलाइन शुक्रवारी रात्री ११. यात दरवर्षी कोणी ना कोणी फसतो आणि ग्रुपवर येतो, "मले काय मालूम आज होती म्हून!"

म्हणून आमचा नियम: ॲडमिन डेडलाइनच्या आदल्या दिवशी भारतीय वेळ ग्रुपवर पिन करेल. एकदाच. त्यानंतर हुकली तर रडायचं नाही, आणि ॲडमिनला फोन करून "माझा कॅप्टन बदलून दे" म्हणायचं नाही. तो बदलू शकतही नाही.

एक माणूस, एक टीम. हा साधा वाटतो, पण लिहून ठेवा. धाकट्या भावाच्या ईमेलवरून दुसरी टीम काढणारे महाभाग प्रत्येक लीगमध्ये असतात. भाऊ स्वतः खेळत असेल तर त्याचं स्वागत आहे. खेळत नसेल तर ती टीम बाहेर.

बरोबरी झाली तर? ॲपचा स्वतःचा नियम आहे: ज्याने वर्षभरात कमी बदल्या केल्या तो वर. वाइल्डकार्ड आणि फ्री हिटमधल्या बदल्या त्यात धरत नाहीत. आमच्याकडे यावरून एकदा चांगलाच वाद पेटला होता, कारण एकाचं म्हणणं, ज्याच्या कॅप्टनने जास्त पॉइंट काढले तो जिंकला पाहिजे. मुद्दा वाईट नव्हता. पण तो मे महिन्यात काढला होता. ऑगस्टात काढला असता तर मतदान घेतलं असतं. सीझन सुरू झाल्यावर नियमाला हात लावायचा नाही, सगळ्यांचं एकमत असलं तरी. कारण एकमत असतं ते दहा जणांचं आणि अकरावा नुसता गप्प असतो.

क्लासिक लीग की हेड-टू-हेड? क्लासिकमध्ये सगळे पॉइंट जमा होत जातात. हेड-टू-हेडमध्ये दर आठवड्याला एका दोस्ताशी सामना, जिंकला तर ३ पॉइंट, बरोबरीला १. मला विचाराल तर दोस्तांमध्ये हेड-टू-हेडच. क्लासिकमध्ये एखादा डिसेंबरात शंभर पॉइंटांनी पुढे गेला की बाकीच्यांचं वर्ष संपतं. हेड-टू-हेडमध्ये शेवटचाही पहिल्याला पाडू शकतो. फक्त माणसं सम संख्येत घ्या. विषम झाली की ॲप 'ॲव्हरेज' नावाची बिनचेहऱ्याची टीम घुसवतं, आणि तिच्याकडून हरण्यासारखी बेइज्जती नाही. आम्ही अकरा होतो म्हणून एकाच्या ताईंना बारावं घेतलं. ताई म्हणाल्या, "मले त्यातलं काही समजत नाई बाप्पा." त्या तिसऱ्या आल्या. पुढच्या वर्षीपासून त्यांना कोणी समजावून सांगायला जात नाही.

आता तो नियम, ज्याच्यासाठी मी खरं तर आजचा भाग करतोय. सोडून दिलेल्या टीमचा.

प्रत्येक लीगमध्ये दोन-तीन टीमा जानेवारीपर्यंत भुतासारख्या होतात. कॅप्टन महिनाभर जखमी, तरी तोच कॅप्टन. बऱ्याच लीगा अशा माणसाला दंड लावतात, टिंगल करतात किंवा सरळ काढतात. आमचा नियम वेगळा आहे: सलग दोन आठवडे टीमला हात लागला नाही, तर त्याच्या आधीच्या नंबरवर जो असेल त्याने त्याला फोन करायचा. मेसेज नाही, फोन. आणि फोनवर टीमचा विषय पहिल्यांदा आपण काढायचा नाही.

हा नियम कोणी विचार करून केला नव्हता. आमच्यातले निम्मे गावाबाहेर आहेत. पुणे, हैदराबाद, एक जण आखातात. ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकणारा माणूसही आतून गायब झालेला असू शकतो, टीमवरून मात्र ते आधी कळतं. आमचा एक मित्र, त्याच्या परवानगीने सांगतोय, नाव सांगत नाही, तीन आठवडे टीमकडे फिरकला नव्हता. ज्याचा नंबर होता त्याने फोन लावला. इकडच्या-तिकडच्या गप्पा झाल्या. मग तो बोलला. पैसे लावायच्या स्पर्धांमध्ये दोन पगार गेले होते, वरून ॲपवरचं कर्ज. हे कायदा यायच्या आधीचं. आमच्या फुकटच्या लीगकडे तो फिरकत नव्हता, कारण त्याला फुटबॉल डोळ्यासमोर नको झाला होता.

फोनने त्याचं कर्ज फिटलं नाही. ते तो अजून फेडतोय. घरी सांगायला आमच्यातले दोघं त्याच्यासोबत गेले, त्याच्या बाबांसमोर बसले, एवढंच. त्याची टीम त्या वर्षी तशीच पडून राहिली, आणि समोर त्याचा सामना आला की कोणी त्याच्यावर स्क्रीनशॉट टाकला नाही. शेवटचा नंबर त्याचाच आला. पहाटे स्टेशनवर यायचं त्याने माफ करून घेतलं नाही, उलट सगळ्यात आधी तोच येऊन उभा.

बोलण्याचाही एक नियम आहे आमचा, छोटा. टीमवर, कॅप्टनवर, निवडीवर काहीही बोला. माणसाच्या नोकरीवर, घरच्यांवर नाही. घरात वाईट घडलं असेल तर त्या आठवड्यात त्याच्याशी ज्याचा सामना आहे, त्याने जिंकल्याचं ग्रुपवर टाकायचं नाही.

ज्यांना हे सगळं जुनं झालंय त्यांनी ड्राफ्ट खेळा. त्यात एक खेळाडू लीगमध्ये एकाकडेच. आळीपाळीने निवडायचं, पहिल्या फेरीत जो शेवटी, तो दुसऱ्या फेरीत पहिला. जास्तीत जास्त १६ जण. पण तिथे अदलाबदली असते आणि खरी लबाडीही तिथेच. तळाला गेलेला माणूस आपला चांगला खेळाडू जिगरी दोस्ताला फुकटात देऊन टाकतो. तेव्हा आधीच ठरवा की अदलाबदल ग्रुपवर सांगूनच करायची, कोणाला हरकत घ्यायची असेल तर एका दिवसात घ्यायची, आणि मार्चनंतर अदलाबदल बंद.

चिप्स, म्हणजे वाइल्डकार्ड, बेंच बूस्ट वगैरे, २०२५-२६ पासून सगळ्याच दोन-दोन वेळा मिळायला लागल्या, पहिला संच अर्ध्या सीझनच्या आत संपवायचा. त्याच्यावर वेगळा भाग करू, ताईंना पाहुणी म्हणून बोलावतोय. त्या यायला तयार आहेत, अट एकच घातली आहे, की त्यांची टीम विचारायची नाही.

तोपर्यंत तुमच्या लीगमध्ये शेवटच्या नंबरवाल्याला काय शिक्षा आहे ते आवाज रेकॉर्ड करून पाठवा. पैशाची नको.