केडगावची मुक्ती



पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव स्टेशन लागतं.
तिथं पंडिता रमाबाईंनी एक वसाहत उभारली.
तिचं नाव... मुक्ती.

मुक्ती कशापासून?

1883 साली रमाबाईंनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला.
पण आपली विवेकबुद्धी... कुणाच्या हवाली केली नाही.
क्रॉसवर लॅटिनच अक्षरं का?
आमची संस्कृत का नको?
असं त्यांनी तिथल्या मठातल्या भगिनींना रोखठोक विचारलं.
बाई वादाला पक्क्या!

पुढं काही वर्षांनी त्यांना उमगलं...
धर्म पत्करला, पण ख्रिस्त अजून भेटलाच नाही.

इथंच खरी गोम आहे.

संत पौलानं गलतीकरांना पत्र लिहिलं, ते हेच सांगायला...
देवाची कृपा कर्मकांडानं कमवावी लागत नाही.
ती फुकट मिळते.
म्हणून माणूस मोकळा होतो...
भीतीतून मोकळा, अपराधाच्या ओझ्यातून मोकळा.

पण मोकळा म्हणजे मोकाट नव्हे, बरं का!
पौल लगेच बजावतो...
हे स्वातंत्र्य प्रेमानं एकमेकांची सेवा करण्यासाठी आहे.
पुन्हा सांगते... सेवेसाठी.

केडगावात हे डोळ्यांना दिसायचं.
1896च्या दुष्काळात उपासमारीनं खंगलेल्या मुली रमाबाईंनी तिथं आणल्या.
त्यांना अक्षर दिलं, हातांना काम दिलं.
रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं.
ते छापलं केडगावातच.
आणि छापखान्यात खिळे जुळवायला होत्या...
मुक्तीतल्याच बायका.