पंचेचाळिशीतला हिशेब
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पैशाविषयी दहा मिनिटं बोल, असं संयोजकांनी मला सांगितलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, अर्थतज्ज्ञ नव्हे. पण गेली काही वर्षं मी आणि माझा नवरा एका आर्थिक सल्लागार बाईंकडे जातो. त्या सेबीकडे नोंदणीकृत आहेत. आमच्याकडून ठरलेली फी घेतात, कुठल्या कंपनीकडून कमिशन घेत नाहीत. अशा सल्लागारांसाठी सेबीने २०१३ साली स्वतंत्र नियम केले. एजंटाला पॉलिसी विकली तरच पैसे मिळतात. यांना 'ही घेऊ नका' असं सांगण्याचेही मिळतात. फरक आहे तो इथे. आज जे सांगणार आहे ते बरंचसं त्यांचं, आणि जिथे मला पटलं नाही तेही सांगेन.

बाईंचं पहिलं म्हणणं असं, की व्याजाचा नुसता आकडा बघू नका, त्यातून महागाई वजा करा. आपण दहावी झालो त्या १९९६ साली पीपीएफवर १२ टक्के व्याज होतं. एप्रिल २०२० पासून ते ७.१ टक्के आहे. 'आमच्या वेळी पैसा वाढायचा' असं आपले आईवडील म्हणतात. पण तेव्हा महागाईही नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास होती. हातात उरायचे दोन-तीनच! २०१६ मध्ये सरकारने रिझर्व्ह बँकेला महागाईचं लक्ष्य कायद्याने ठरवून दिलं : ४ टक्के, दोन इकडे-तिकडे. व्याजदर वाढवा म्हणून ओरडण्यापेक्षा हे लक्ष्य पाळलं जातंय का, हे ठेवीदाराने बघावं, असं बाई म्हणतात. मला हे पूर्ण पटतं.

चक्रवाढ व्याज आपल्याला शाळेत शिकवलं, पण ते महागाईलाही लागू पडतं हे मला नोकरीला लागल्यावर उमगलं. ७२ ला दराने भागा. तेवढ्या वर्षांत रक्कम दुप्पट. महागाई ६ टक्के धरली, तर आज महिना ५० हजारांत चालणारं घर १२ वर्षांनी एक लाख मागेल आणि २४ वर्षांनी दोन लाख. तेव्हा आपण सत्तरीजवळ असू आणि पगार केव्हाच थांबलेला असेल. मुलांच्या शिक्षणाला कर्ज मिळतं, म्हातारपणाला मिळत नाही. हे वाक्य बाईंचं, पण मी ते घरी फार वेळा वापरते.

आता मतभेदाचा मुद्दा. जुन्या करपद्धतीत गुंतवणुकीवर दीड लाखापर्यंत वजावट मिळते. नव्या पद्धतीत ती नाही, आणि २०२३-२४ पासून आपण वेगळं सांगितलं नाही तर नवीच लागू होते. बाईंना हे आवडतं. मार्चमध्ये कर वाचवायला घाईघाईत घेतलेल्या विमा पॉलिसींत ना पुरेसा विमा असतो, ना पुरेसा परतावा, असं त्यांचं मत. खरं आहे. पण माझ्या टीममधली पंचविशीतली मुलं बघते, तेव्हा वाटतं की ती सक्तीही कामाची होती. कर वाचवण्यासाठी का होईना, आपल्या पिढीचं पीपीएफ खातं उघडलं गेलं. ही मुलं फोनवर ऑप्शन्स खेळतात. वायदे बाजारात व्यवहार करणाऱ्या दहापैकी नऊहून जास्त व्यक्तींना तोटा झाला, हे सेबीच्याच २०२४ च्या अभ्यासात आहे. यावर बाईंचं उत्तर सोपं आहे : सरकारने ढकलायचं थांबवलं, आता तुम्ही स्वतःला ढकला. पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप वळती होऊ द्या.

सुरक्षिततेबद्दल दोनच वाक्यं. बँक बुडाली तर एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी मिळून, व्याजासकट, ५ लाखांपर्यंतच विमा आहे. २०२० पूर्वी तो १ लाख होता. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा नाही, मग तिथले संचालक कितीही ओळखीचे असोत.

शेवटचं मैत्रिणींसाठी. माझ्या आतेबहिणीचे यजमान २०२१ मध्ये अचानक गेले. ती स्वतः नोकरी करणारी, पदवीधर. पण कुठल्या बँकेत काय आहे, विमा किती, लॉकर कुणाच्या नावावर, यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. ते शोधण्यात आठ महिने गेले. रडायलाही तिला सवड मिळाली नाही. आपल्यापैकी कितीजणी 'ते सगळं हेच बघतात' असं म्हणतात? आणि मित्रांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी ते बायकोला बसवून दाखवलंय?

बाई नव्या माणसाला पहिल्या भेटीत एकच काम देतात, तेच मी तुम्हाला देते. एक कागद घ्या. खाती, ठेवी, विमा, कर्जं आणि प्रत्येकाचा नॉमिनी लिहा. दोघांनी मिळून लिहा आणि कुठे ठेवलाय ते मोठ्या मुलाला किंवा मुलीला सांगा. एका रविवारचं काम आहे. जमलं की आपल्या ग्रुपवर नुसतं 'झालं' एवढं लिहा. आकडे लिहू नका!