उचल कोण कोणाला देतो? परदेशातल्या उन्हाळी कामाची तयारी

(सास्तूर येथे बारावीचे व पदवीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलावताना सांगितले गेले की, गावातल्या दोन-तीन मुलांना एजंटचे फोन येताहेत. ‘सुट्टीत अमेरिकेला जा, चार महिने काम करा, फिरा, पैसे घेऊन या.’ तू इंजिनिअर आहेस, येऊन समजावून सांग. मी म्हणालो, येतो. पण एक गोष्ट आधीच कबूल करतो. या योजनेतून मी गेलेलो नाही. जाऊ न शकलेला माणूस आहे मी.

२०१० साली मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. होस्टेलवर एक एजंट आला. त्याने एक लाख वीस हजार मागितले. अब्बांचे इथे शिलाईचे दुकान होते. एवढे पैसे कपडे शिवून जमत नसतात. अम्मीने पाटल्या काढून दिल्या. मला एजंटने दोन पाने प्रश्नोत्तरे पाठ करायला दिली. मुंबईला मुलाखतीत अधिकाऱ्याने विचारले, ‘तुझे कॉलेज कधी सुरू होते?’ मी पाठ केलेले उत्तर दिले, ते दुसऱ्याच प्रश्नाचे होते. त्यांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच म्हणालो. तीन मिनिटांत नकाराचा कागद हातात आला. एजंटने पैसे परत दिले नाहीत. ‘पावतीवर लिहिलंय ना, परतावा नाही.’ आणि खरेच लिहिले होते. इंग्रजीत, बारीक अक्षरात. मी वाचले नव्हते.

पुढे नोकरी लागली, मी पाटल्या करून दिल्या. अम्मी म्हणाली, ‘या नव्या आहेत रे.’ एवढेच म्हणाली. म्हणून आज मी इथे उभा आहे.

आधी ही योजना काय आहे ते समजून घेऊ. तिचे नाव समर वर्क ट्रॅव्हल. अमेरिकेत १९६१ साली सांस्कृतिक देवाणघेवाणीचा कायदा झाला, त्याखालच्या जे-१ व्हिसाचा हा एक प्रकार. कॉलेजात पूर्णवेळ शिकणाऱ्या आणि किमान एक सत्र पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला सुट्टीत जास्तीत जास्त चार महिने काम करता येते. बारावीच्या मुलांना नाही, हे पहिले लक्षात घ्या. काम बहुधा हॉटेल, करमणुकीचे बाग, समुद्रकाठची दुकाने, पोहण्याचे तलाव अशा ठिकाणचे. व्हिसा देते अमेरिकन सरकार. पण योजना चालवतात प्रायोजक संस्था. त्यांना तिथल्या परराष्ट्र खात्याची मान्यता लागते आणि त्यांची यादी त्या खात्याच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते. आपल्याकडचा एजंट हा फार तर त्या संस्थेचा इथला माणूस. म्हणून त्याला पहिला प्रश्न हा विचारायचा: तुमची प्रायोजक संस्था कोणती? नाव सांगितले की यादीत बघायचे. मग त्या संस्थेला स्वतः ईमेल करून विचारायचे की हा माणूस तुमचा आहे का. हे करायला एक पैसाही लागत नाही. मी २०१० साली हे केले असते, तर अर्धी गोष्ट तिथेच संपली असती.

दुसरे, भारतातून जाणाऱ्याला काम आधी ठरलेले असावे लागते. ‘तिकडे गेल्यावर बघू’ असे कोणी म्हणाले तर उठून यायचे. कामाचे पत्र हातात हवे. त्यात मालकाचे नाव, पत्ता, कामाचे स्वरूप, तासाचा दर, आठवड्याचे तास, राहण्याची सोय आणि तिचे भाडे हे सगळे लिहिलेले हवे.

आता हिशेब. फळा आहे, तर मांडूनच दाखवतो. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे आकडे तुम्ही घाला. समजा तासाला १३ डॉलर आणि आठवड्याला ३५ तास. झाले ४५५ डॉलर. बारा आठवड्यांचे ५,४६०. त्यातून कर जाईल, समजा ६५५. उरले ४,८०५. भाडे आठवड्याला १३० धरले तर १,५६०. जेवण आणि बस ८० धरले तर ९६०. हातात राहिले २,२८५ डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर एक लाख चौऱ्याण्णव हजार आणि वर काही रुपये. आता जाण्याचा खर्च काढा: योजनेची फी, आरोग्य विमा, विमानाचे येणे-जाणे, १८५ डॉलर व्हिसाचे, ३५ डॉलर सेव्हिस नावाच्या नोंदणीचे. समजा सगळे मिळून अडीच लाख. म्हणजे बारा आठवडे राबून पंचावन्न हजारांचा खड्डा.

म्हणून पालकांना माझे हात जोडून सांगणे आहे. हा कमाईचा सौदा नाही. इंग्रजी सुधारेल, अनोळखी माणसांत वावरता येईल, स्वतःचे कपडे स्वतः धुवायची सवय लागेल, हा फायदा आहे आणि तो मोठा आहे. पण कर्ज काढून, जमीन गहाण ठेवून, दागिने मोडून हा फायदा विकत घ्यायचा नसतो. जो एजंट कमाईचा आकडा आधी सांगतो आणि खर्चाचा नंतर, त्याच्याकडे जाऊ नका.

आपल्या भागाला हे वेगळे सांगायला नको. दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून कोयता घेऊन माणसे ऊसतोडीला जातात. मुकादम आधी उचल देतो आणि त्या उचलीने माणूस हंगामभर बांधला जातो. इथे उलटे आहे. इथे तुम्ही एजंटला उचल देता आणि बांधले मात्र तुम्हीच जाता. पैसे भरून गेलेला मुलगा वाईट काम सोडून येऊ शकत नाही, कारण घरी पाटल्या मोडलेल्या असतात.

हे मी भीती घालायला सांगत नाही. ऑगस्ट २०११ मध्ये पेनसिल्व्हानिया राज्यातल्या पामायरा गावी असेच झाले. हर्षी कंपनीची चॉकलेटे बांधण्याचे मोठे गोदाम तिथे होते. निरनिराळ्या देशांतून याच योजनेवर आलेली मुले रात्रपाळीत जड खोकी उचलत होती. पगारातून भाडे कापले जाई आणि हातात फार थोडे उरे. शेवटी शेकडो मुले काम सोडून रस्त्यावर आली. जगभर बातमी झाली. त्यानंतर २०१२ साली अमेरिकेने नियम कडक केले. मुख्यतः रात्री दहा ते सकाळी सहा या वेळातली कामे या योजनेतून बाद झाली, कारखान्यातली कामे बाद झाली आणि विद्यार्थ्याकडून कशाकशाचे किती पैसे घेतले जातात याची फोड करून देणे प्रायोजकांवर बंधनकारक झाले. ती फोड मागा. तो तुमचा हक्क आहे. त्या मुलांनी आवाज काढला म्हणून तो तुम्हाला मिळाला.

आणखी एक हक्क. तुमचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे हा तिथे गुन्हा आहे. व्हिसाच्या वेळी हक्कांची एक पत्रिका देतात, ती विमानात नव्हे, घरी वाचायची. तिच्यात मदतीचा दूरध्वनी क्रमांक असतो. तो पाठ करा. पाठ करायचेच असेल तर हे करा, मुलाखतीची उत्तरे नकोत.

मुलाखतीबद्दल तीन गोष्टी सांगतो. तिथला कायदा असे गृहीत धरून चालतो की तुम्ही परत येणार नाही. परत येणार, हे पटवून देणे तुमचे काम. कॉलेजचे पत्र, पुढच्या सत्राची तारीख, घरची परिस्थिती, जे खरे आहे ते सरळ सांगा. दुसरी गोष्ट, परीक्षेचे वेळापत्रक. आपल्याकडे उन्हाळी परीक्षा लांबत जातात. परीक्षा बुडवून जाणारा मुलगा अधिकाऱ्याला विद्यार्थी वाटत नाही, आणि खरे तर तो विद्यार्थी उरतही नाही. तिसरी गोष्ट, जून २०२५ पासून जे-१ व्हिसा मागणाऱ्यांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितले जाते. अर्जात गेल्या पाच वर्षांतली खाती लिहावी लागतात. रागाच्या भरात पुढे ढकललेला एखादा मजकूर तुमच्या नावावर राहतो. खाते लपवू नका. आजपासून जपून लिहा, एवढेच.

आता आपल्या घराघरांतला प्रश्न. नाव. शाळेच्या रजिस्टरमध्ये ‘शेख सलीम इब्राहीम’. आधारवर ‘सलीम शेख’. दहावीच्या गुणपत्रिकेवर शेखचे एक स्पेलिंग, वडिलांच्या कागदावर दुसरे. कुणाच्या नावात मोहम्मद पूर्ण, कुणाच्या नावात नुसते एमडी. मुलीच्या नावापुढे कधी ‘बी’ आहे, कधी ‘बेगम’, कधी काहीच नाही. गावात आपल्याला सगळे ओळखतात, म्हणून चालते. संगणक कुणाला ओळखत नाही. मी त्याच धंद्यात आहे, म्हणून सांगतो. एक अक्षर वेगळे असेल तर त्याच्या लेखी तो दुसरा माणूस. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरतानाच स्पेलिंग नीट करा. नंतर बदल हवा असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घेता येतो, पण त्याला वेळ लागतो. जन्मगावाच्या जिल्ह्याचे नाव जुन्या दाखल्यावर उस्मानाबाद आणि नव्यावर धाराशिव असेल, तर घाबरू नका. ती चूक नाही. पण विचारले तर सांगता आले पाहिजे.

पासपोर्ट पदवीच्या पहिल्याच वर्षी काढा. छत्तीस पानांचा साधा पासपोर्ट पंधराशे रुपयांत होतो आणि दहा वर्षे चालतो. त्यासाठी मध्यस्थ लागत नाही. दहावी पास असल्याचे प्रमाणपत्र जोडले की पासपोर्टवर परदेशी नोकरीसाठी परवानगी घेण्याचा शिक्का येत नाही. आखाती देशात गेलेल्या आपल्या कितीतरी भावांना दहावी नसल्यामुळे तो शिक्का सोसावा लागला आहे. मुलांनो, नापास झालात तर परत बसा. दहावी सोडू नका.

धर्माचा प्रश्नही कुणीतरी विचारणार, म्हणून मीच बोलतो. हॉटेलात डुकराचे मांस शिजवावे लागेल का, दारू वाढावी लागेल का, हे काम स्वीकारण्याआधी लिहून विचारा. जमणार नसेल तर पोहण्याच्या तलावाचे, दुकानाचे, खोल्या साफ करण्याचे काम मागा. तिकडे जाऊन तक्रार करण्यापेक्षा हे बरे. डोक्यावरच्या रुमालाबद्दल २०१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका मुस्लिम मुलीच्या बाजूने निकाल दिला. रुमालामुळे तिला कपड्यांच्या दुकानात नोकरी नाकारली होती. रुमाल घ्यायचा की नाही, हे त्या मुलीने ठरवायचे. मालकाने नाही. माझ्या मते घरातल्या पुरुषांनीही नाही.

माझी भाची बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिलाही जायचे आहे. भावोजी म्हणाले, ‘पोरीला एकटं कसं पाठवायचं?’ मी म्हटले, तुम्ही भूकंप विसरलात का? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपले गाव पडले. घरे पुन्हा उभी करताना याच लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांतल्या बायका बांधकामावर लक्ष ठेवायला शिकल्या, अधिकाऱ्यांशी बोलायला शिकल्या. २००१ साली कच्छला भूकंप झाला, तेव्हा इथल्या बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला आणि शिकवायला गुजरातेत गेल्या. ज्यांनी तोवर तालुका ओलांडला नव्हता, त्या. त्यांना ‘एकटं कसं’ हे कुणी विचारले असते तर त्या गेल्या नसत्या. विचारायचे तर मुलाला आणि मुलीला सारखेच विचारा: संस्था कोणती, काम कुठले, राहणार कुठे, खोलीत कोण असेल, परतीचे तिकीट आहे का? उत्तरे पक्की असतील तर दोघांनाही जाऊ द्या. कच्ची असतील तर दोघांनाही थांबवा.

आणि हा एकच रस्ता नाही. ऑस्ट्रेलियाने सप्टेंबर २०२४ पासून भारतीयांसाठी वर्क अँड हॉलिडे व्हिसा सुरू केला आहे. १८ ते ३० वयाच्या एक हजार जणांना वर्षाला, सोडत पद्धतीने. त्याला किमान दोन वर्षांचे उच्च शिक्षण लागते. ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स योजना पदवीधरांसाठी आहे, वर्षाला तीन हजार जागा, तीही सोडतीने. सोडतीत कुणाचा वशिला चालत नाही. ‘नाव काढून देतो’ म्हणणारा खोटे बोलतो आहे.

भाचीने तिची वही मला दाखवली. एका पानावर खर्च, एका पानावर प्रायोजकाला विचारायचे प्रश्न. प्रश्न चौदा होते, मी दोन वाढवले. कामाचे पत्र आले तेव्हा तिने ते माझ्यासमोर मोठ्याने वाचले, अडलेले शब्द पेन्सिलीने खुणावले. तासाचा दर होता, आठवड्याचे तास किती ते नव्हते. तिने लिहून विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही. तोवर पैसे भरलेले नाहीत.

अम्मीने तिला विचारले, ‘पाटल्या लागतील का?’ ती म्हणाली, ‘नाही नानी. लागणार असतील तर मी जाणार नाही.’

आता तुमचे प्रश्न विचारा. ज्यांना एजंटचे फोन आले आहेत त्यांनी कागद पुढे आणा. बसून वाचू. बारीक अक्षरातलेसुद्धा.